बाबारावची घरातली शाळा

बाबारावसारखा धीट माणूस नाचणगावात दुसरा नाही, असं वस्तीत कोणीही सांगितलं असतं. पुलगावच्या गिरणीत मुकादमाशी भर खात्यात भांडणारा तोच. दीक्षा घ्यायला नागपूरला निघालेल्यांच्या सगळ्यात पुढे तोच, अन् परत आल्यावर घरातले देव स्वतःच्या हातानं वर्धा नदीत सोडून येणाराही तोच. पण हा बहाद्दर गावातल्या शाळेसमोरून कधी जात नसे. बाजारात जायचं तर मागच्या बोळातून लांबचा वळसा घालायचा. शाळेची घंटा कानावर आली की हातातली विडी विझून जायची अन् त्याला पत्ता नसायचा. हसू नका, हसण्यासारखं काही नाही त्यात.

लहानपणी आर्वीकडच्या एका खेड्यात तो तिसरीपर्यंत शिकला होता. शिकला म्हणजे काय, बाहेरच्या ओट्यावर बसून खिडकीतून येईल तेवढं ऐकलं. एकदा तहान सोसवेना म्हणून त्यानं पाण्याच्या माठाला हात लावला. त्या दिवशी मास्तरानं अन् पोरांनी मिळून काय केलं, ते त्यानं जन्मात कोणाला सांगितलं नाही. पाठीवर वण होता. सीताबाई, त्याची बायको, तो वण रोज बघायची आणि विचारायची नाही. त्याची शाळा तिथेच संपली.

म्हणून पंचफुलाचं शाळेचं वय झालं तेव्हा त्यानं एका वाक्यात निकाल लावला. "माही पोरगी त्या पायरीवर चढनार नाई. मी शिकवतो तिले घरी."

अन् शिकवली, खोटं कशाला बोलू! गिरणीची पाळी संपली की हातपाय धुवायचे अन् पोरीला घेऊन बसायचं. अंगात कणकण, कापसाच्या धुळीनं डोळे चुरचुरतात, पण एक दिवस चुकायचा नाही. शाळेत एखाद्या पोराला कळलं नाही तर मास्तर पुढे निघून जातो. इथे बाप थांबायचा. न कळलेलं पुन्हा सांगायचा, आवाज न चढवता. बाराखडी झाली, पाढे झाले, पावकी-निमकी झाली. नववं लागलं तशी पोर वस्तीतल्या म्हाताऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवू लागली. वाचायची घडघडा, पण दाराच्या आडून. म्हातारे ओट्यावर, अन् ही आत अंधारात.

सीताबाईला तेच डाचायचं.

"अवो, पोरगी हुशार झाली, मले कबूल हाये. पन मानसाले भेते ना ते. पाव्हना आला का चुलीमागं लपते. बराबरीच्या पोट्ट्यांत खेळत नाई. कोनी ढकललं तं उलटून ढकलत नाई, उभी राह्यते नुसती. हे कोन शिकवनार?"

"येते ते आपोआप."

"कुठून येते? घरात बसून?"

बाबाराव चिडला, जेवला नाही, झालं. खरं तर त्यालाही दिसत होतं. पण ओट्यावरच्या त्या पोराला, म्हणजे स्वतःला, तो विसरू शकत नव्हता. पोरगी भित्री राहिली तर राहो, मार तर खाणार नाही! एवढाच त्याचा हिशेब.

तो हिशेब अपूर्णांकांच्या बेरजांनी बिघडवला. तिसरीपुढचं त्याच्याजवळ होतंच काय? एक दिवस पंचफुलानं विचारलं, "बा, मंग याच्यापुढं काय?" अन् बाबारावनं तिला पुन्हा जुनेच पाढे म्हणायला लावले. सीताबाईनं ती संधी साधली. कोणाला न सांगता शाळेत गेली अन् प्रमोदिनीबाईंना, वर्ध्याहून नव्यानं आलेल्या मास्तरणीला, भेटून आली. बाई म्हणाल्या, सोमवारी घेऊन या. चार प्रश्न विचारते. जमलं तर सरळ चौथीत घेते. नाही जमलं तर पहिलीत, चिल्ल्यापिल्ल्यांत बसावं लागेल.

दहा वर्षांची लाजाळू पोर पहिलीत! ती पुन्हा शाळेचं नाव काढणार नाही, हे नवराबायको दोघांनाही ठाऊक होतं. पण बाबारावची भीती त्याहून जुनी होती. रविवारभर त्याच्या डोळ्यांसमोर एकच दिसत होतं: पोर बाहेर उभी आहे, तिला तहान लागली आहे, अन् आतून कोणीतरी छडी घेऊन येत आहे.

"मी जातो संगं," तो म्हणाला. त्यानं कामावर खाडा केला.

शाळेची पायरी आली तेव्हा तो खालीच थांबला. मुकादमाची गचांडी धरणारे हात त्यानं पाठीमागे घेतले. पंचफुलानं वर बघितलं, बापाचा चेहरा बघितला अन् त्याचा सदरा घट्ट धरला. कोणी अडवलं नाही. कोणी काही बोललं नाही. प्रमोदिनीबाई तर म्हणाल्या, "आत या ना, बाबाराव."

"नाई बाई, मी अथीच बरा हाये."

तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. कोपऱ्यात माठ होता. त्याची नजर त्या माठावरून हटेना.

बाईंनी पंचफुलाला गणित घातलं. पोरीनं मान खाली घालून भराभर पाटीवर लिहिलं. बाईंनी हात पुढे केला, "आण बघू."

पंचफुलानं पाटी जमिनीवर ठेवली. दोन बोटांनी पुढे सरकवली. मग झटकन मागे सरून हात जोडून उभी राहिली.

वर्गातली एक मुलगी फिसकन हसली. बाईंचा हात तसाच पुढे राहिला.

"अगं, हातात दे ना."

पोरगी आणखी मागे सरली. तिनं दाराकडे, बापाकडे बघितलं. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. शेवटी बाईंनीच वाकून पाटी उचलली. "गणित बरोबर आहे बाळ. पण पाटी खाली का ठेवलीस?"

"शाळेत अशीच ठेवतेत," पंचफुला म्हणाली. "बानं शिकवलं."

बाईंनी दाराकडे बघितलं, लगेच नजर खाली घातली. बाबारावच्या पायाखालची जमीन सरकली. शिकणं म्हणजे पाटी खाली ठेवणं, मागे सरणं, मास्तराला सावलीसुद्धा लागू न देणं. त्याला कोणी दुसरं शिकणं दाखवलंच नव्हतं. घरी इतकी वर्षं तो आपल्याच लेकीची पाटी जमिनीवरून उचलत होता अन् त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सीताबाई तर शाळेत कधी बसलीच नव्हती. तिला वाटायचं, शाळेत असंच असतं.

"चौथीत घेतलं तिला," बाई म्हणाल्या. "उद्यापासून पाठवा."

घरी आल्यावर त्यानं हात पुढे केला. "पंचफुला, दे पाटी. हातात दे." पोरीनं पाटी उचलली, दोन पावलं आली, थबकली, अन् खाली ठेवली. "हातात दे म्हनतो ना मी!" तो जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडला. ती रडत चुलीमागे पळाली.

बाबाराव मटकन बसला. "सीते, मले वाटे शाळा तिले भिववीन. म्हनून घरात ठेवली वं मी. अन् भिववलं कोनं? म्याच भिववलं. मले जे झालं ते समदं तिले रोज शिकवत गेलो." हा धिप्पाड गडी हुंदके देऊन रडला. सीताबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

सकाळी पंचफुला वेणी घालून तयार होती. शाळेत जाणारी शेजारची जयवंता तिला न्यायला आली होती.

"चला ना, बा."

"मी नाई येत."

"काऊन?" पोरीचा चेहरा उतरला. "मले भेव वाटते."

माठ, छडी, फिसकन हसणारी ती मुलगी, सगळं बाबारावच्याही डोळ्यांपुढे होतं. संध्याकाळी पोर कशी परत येईल, कोण जाणे.

"जयवंतासंग जाजो," तो म्हणाला. "मी संगं आलो तं तू अजून भेशील."

दोघी निघाल्या. वळणावर पंचफुलानं मागे वळून बघितलं. बाबाराव चटकन दाराआड सरकला, अन् तिथेच अंधारात उभा राहिला.