मगरीची पाणपोई

२००७ च्या मे महिन्यात फ्लोरिडाच्या दलदलीत पाणी जवळजवळ उरलंच नव्हतं. मी मिशिगनमध्ये शिकत होतो आणि सरांच्या प्रकल्पासाठी दोन महिने तिकडे गेलो होतो. काम एवढंच, की एका मगरीच्या डोहावर रोज सकाळी कोण कोण येतं ते मोजायचं. तोंडाने आणि शेपटीने चिखल उपसून तिने तो डोह केला होता. आजूबाजूची जमीन भेगाळली तरी त्यात पाणी होतं. मासे, कासवं, बगळे तिथे दाटीवाटीने जगत होते. अधूनमधून त्यांतलंच कुणीतरी ती खाई.

आईला हे फोनवर समजावताना मी म्हणालो, "तिने पाणपोई घातलीय असं समज." गावात एसटी स्टँडजवळच्या पाणपोईचे रांजण आई भरायची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझं काम तिला कळेल असा मला सापडलेला हा एकच शब्द.

"आणि पाणी प्यायला आलेल्यालाच खाते?"

"कधी कधी."

"मग सरपंचच म्हण की!" आई कितीतरी वेळ हसत होती.

कशालाही हात लावायचा नाही, हा सरांचा नियम होता. एका सकाळी डोहापासून वीसेक पावलांवर एक कासव चिखलात रुतलेलं दिसलं. चिखल वाळून त्याचे पाय आवळले गेले होते. मी बराच वेळ नुसता उभा राहिलो. मग ते उकरून काढलं आणि डोहाच्या काठावर नेऊन ठेवलं. ते सरपटत पाण्यात गेलं. पाणी जरासं हललं आणि कवच फुटल्याचा आवाज आला.

माझ्याबरोबर नागपूरचा एक सीनियर असायचा; पाणपोईची गोष्ट त्यालाही माहीत होती. तो मागून म्हणाला, "यार, तू मोजायला आलायस की पाणपोई चालवायला?" मग माझा चेहरा बघून हळू आवाजात म्हणाला, "वहीत एवढंच लिही, कासव एक, खाल्लं. खोटं आहे का त्यात? बाकीचं लिहिलंस तर या डोहाच्या सगळ्या नोंदी बाद होतील. रिसर्च पेपरातलं तुझं नावही जाईल."

माझ्या नावाचा तो पहिलाच पेपर असणार होता. घरी मी तसं सांगूनही बसलो होतो.

मी लिहिलं, 'कासव एक. मी आणून ठेवलं. खाल्लं गेलं.'

सरांनी ते वाचलं आणि त्या डोहावर काट मारली. रागावले नाहीत. "सांगितलंस ते बरं केलंस," म्हणाले. रागावले असते तर कदाचित मला सोपं गेलं असतं. उरलेले दिवस मी तंबूत दुसऱ्यांच्या नोंदी उतरवून काढल्या.

रविवारी आईचा नेहमीचा प्रश्न आला. "काय म्हणते तुझी पाणपोई?"

"चालू आहे," मी म्हणालो.

माझं तिकडे जाणं बंद झालंय, हे मात्र सांगता आलं नाही.