पेटीतले दिवस

तीन आठवडे झाले त्या गोष्टीला. शाळेत पोरांना खिचडी वाढून झाली होती, मी नळावर हात धुवत होते, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे सुजाता सिस्टरांची सून होती. सिस्टर सकाळी चहा ठेवायला उठल्या, छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी तिथंच ओट्यावर बसले. सोबतच्या मॅडमनी विचारलं, "नात्यातल्या होत्या का?" आता काय सांगायचं... नात्यातल्या नव्हत्या, पण माझ्या लेकीला माझ्याआधी त्यांनी हातात घेतलं होतं.

स्वरा सातव्या महिन्यातच झाली. एक किलोही भरली नव्हती. जालन्यातल्या ज्या दवाखान्यात तिला ठेवलं, तिथं लहान बाळांच्या अतिदक्षता कक्षात सुजाता सिस्टर होत्या. काचेच्या पेटीत नळ्या लावलेली ती मूठभर पोर पाहून मी दोन हात लांब उभी राहायची. तिसऱ्या दिवशी सिस्टर मागून खेकसल्या, "काय पाहून राह्यली पाहुण्यासारखी? हात धू अन् घाल आत. तुझीच हाये ती." आमचे हे शाळामास्तर, चारचौघांत बाही दुमडायलाही लाजणारे. बाळाला उघड्या छातीशी लावून बसायचं म्हटल्यावर ते दारातच घुटमळले. "मास्तर, काढा तो शर्ट," सिस्टर म्हणाल्या, "लेकराला तुमची ऊब पाह्यजे, शर्टाची न्हाई." त्या दिवसापासून हे रोज दुपारी मुकाट्यानं शर्ट काढून खुर्चीत बसायचे.

बाई फटकळ होती, खोटं कशाला बोलू. मला त्यांचा रागही यायचा. शेजारच्या पेटीतलं बाळ एका दुपारी गेलं. सिस्टरांनी त्याचं अंग पुसलं, टोपडं घातलं, त्याच्या आईच्या मांडीवर दिलं आणि लगेच येऊन आमच्या स्वराची दुधाची नळी तपासायला लागल्या. डोळ्यांत टिपूस नाही. किती कोरडी बाई, असं मला वाटलं होतं. तेव्हा त्या कक्षात आणखी आठ बाळं होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

सात आठवड्यांनी स्वराला घरी सोडलं. एवढ्या लहान बाळांच्या डोळ्यांतला पडदा अजून पुरता तयार झालेला नसतो, तो बिघडला तर दृष्टी जाते, म्हणून आठवड्यानं पुन्हा तपासायला आणा, असं सिस्टरांनी तीनतीनदा बजावलं होतं. पण मी गेले माहेरी, भोकरदनजवळच्या आमच्या गावाला, आणि तिथं राज्य आईचं. सव्वा महिना होईपर्यंत बाळ-बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडत नाहीत, हा आमच्याकडचा नियम. आईनं खिडक्या लावल्या, ओव्याची धुरी केली आणि दिवस मोजायला सुरुवात केली, तीही लेकरू घरी आल्यापासून! मी शिकलेली, दुसऱ्यांच्या पोरांना शिकवणारी, आणि मी गप्प बसले. एवढ्या मरणातून वाचलेली पोर, तिला आता काय होणार... ही चूक माझीच होती. ती आईवर ढकलून चालणार नाही.

तपासणीचा दिवस उलटला तसे फोन आले. आईनं मला फोन उचलू दिला नाही. चौथ्या दिवशी दुपारच्या एसटीनं सिस्टर स्वतःच दारात उभ्या. त्यांची ती साप्ताहिक सुट्टी होती. आधी साबण मागितला, कोपरापर्यंत हात धुतले, मग आईसमोर बसल्या.

"मावशी, सव्वा महिना कधीपासून धरला?"

"लेकरू घरी आलं तव्हापासून. पेटीतले दिवस काय धरायचे? तिथं ना कुणाची मांडी, ना कुणाची कूस. माझी दोन लेकरं वारं लागून गेल्ती बाई. ही मी बाहेर काढणार न्हाई."

मला वाटलं, आता सिस्टर भडकणार. पण त्यांनी आवाज चढवला नाही. "मावशी, त्या पेटीत हात घालून तिला मीच धरत होते. सात हप्ते. ते दिवस तुम्ही धरलेच न्हाईत, तर मंग मी काय केलं तिथं?"

आई उठली, स्वराला दोन टोपडी घातली, शालीत गुंडाळलं आणि म्हणाली, "मी पण येते."

संभाजीनगरला त्याच संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी लेझर केलं. आणखी आठ दिवस गेले असते तर हातात काही राहिलं नसतं, असं ते म्हणाले. परतीच्या एसटीत आईला झोप लागल्यावर सिस्टर पहिल्यांदा मोकळ्या बोलल्या. काही वर्षांपूर्वी असंच एक लेकरू त्यांनी दोन महिने राखून घरी पाठवलं होतं. सगळ्या वॉर्डात पेढे वाटले. तपासणीची तारीख कागदावर लिहून दिली आणि त्या विसरल्या. घरचे सव्वा महिना थांबले. आज ते लेकरू आंधळं आहे. "जगवलं म्हंजे झालं न्हाई गं," त्या म्हणाल्या, "पुढं कसं जगतं ते पाहावं लागतं..." आणि खिडकीकडे तोंड करून रडल्या. मी त्यांना कोरडी म्हणत होते, याची मला अजून लाज वाटते.

स्वरा आता चौथीत आहे. चालायला दोन वर्षं लागली, दर थंडीत छाती भरते, चष्म्याची भिंगं जाड आहेत. गणितात कच्ची आहे, पण तो माझा वारसा. त्याचा दोष लवकर जन्मण्याला देता येत नाही. दर वाढदिवसाला सिस्टरांचा फोन यायचा आणि शुभेच्छांच्या आधी प्रश्न यायचा, चष्म्याचा नंबर वाढला का?

मागच्या रविवारी स्वराला घेऊन त्यांच्या घरी गेले. सुनेनं सिस्टरांचा फोन माझ्या हातात दिला. "रोज वाजतो हो. बंद करायचा धीर होत न्हाई." आत माणसांची नावंच नव्हती. साडेआठशे अंबड, अकराशे घनसावंगी... बाळांची जन्माची वजनं आणि गावं. नऊशे वीस भोकरदन म्हणजे मी. पाहता पाहता हातातच फोन वाजला. हजार पन्नास शहागड.

"सिस्टर," एक तरुण बाप घाईघाईनं बोलत होता, "आई म्हणून राह्यली, सव्वा महिना झाल्याबिगर लेकरू बाहेर काढायचं न्हाई. मंग डोळे दाखवायला आणतो."

सिस्टर गेल्याचं मी सांगितलं. त्यानं विचारलं, "अन् तुम्ही कोण?"

"त्यांच्याच वॉर्डातली एक आई. माझी पोरगी जन्मली तेव्हा तुमच्या लेकराहून लहान होती."

"ताई... दिसतं का हो तिला?"

समोर स्वरा चष्मा वर सरकवून, भिंतीवरच्या फोटोखालचं नाव मोठ्यानं वाचत होती.

"दिसतं," मी म्हणाले. "उद्याच घेऊन या."