कानसेनच्या गाडीचा मागचा आवाज

गाडी आवाज करत नव्हती, हीच कानसेनची अडचण होती. एरवी माणसं गाडी आवाज करते म्हणून डोक्याला हात लावून बसतात. हा गृहस्थ शेडमध्ये उलट्या बादलीवर बसला होता, समोर गाडीचा मागचा ॲक्सल उघडा पडला होता, आणि आतले दात त्याला सांगत होते की बाबा रे, आम्ही बोंबलतोय. त्याला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. आता खोटं कोण बोलतंय, हे काही केल्या कळेना.

कानसेन हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हे. आयुष्य बस डेपोत गेलं, तिथं ते चिकटलं. बस फाटकातून आत शिरायची, हा पाठमोरा बसून चहा पीत असायचा, आणि मान न वळवता सांगायचा की मागचं उजवीकडचं बेअरिंग गेलंय. उघडून बघितलं की गेलेलं असायचंच. निवृत्तीनंतरही दर रविवारी सकाळी त्याच्या दारात लोक गाड्या घेऊन उभे. हा शेजारच्या सीटवर बसणार, डोळे मिटणार, एक फेरी होणार आणि निकाल लागणार. त्या निकालावर अपील नव्हतं. चेहरा बेताचा, उंची बेताची, स्वभावाचं तर विचारूच नका. माणसाचा सगळा रुबाब काय तो त्या दोन कानांवर उभा होता, आणि हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं.

येत्या रविवारी शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर यायचा होता. त्याला एक जुनी व्हॅन मिळत होती. मागून काहीतरी गुणगुणतं असा त्याला संशय होता. कानसेन ‘घे’ म्हणाला तर तो घेणार, ‘नको’ म्हणाला तर सोडणार. पुढे त्या व्हॅनमध्ये मुलं बसणार होती. म्हणून दात खरे की कान खरा, याचा निकाल रविवारच्या आत लागायलाच हवा होता.

आता हे दातांचं प्रकरण काय ते सांगतो. गाडी होती सासऱ्यांची, गोल दिव्यांची, वयानं मेहुण्यापेक्षा मोठी. मागच्या ॲक्सलच्या मधोमध लोखंडी गोळा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाकडून आलेल्या दांड्याच्या टोकाला लहान दातेरी चाक असतं, तो पिनियन. तो मोठ्या दातेरी चाकाला फिरवतो, ते क्राऊन. पिनियन किती आत बसवायचा हे पातळ चकत्या घालून ठरवायचं असतं. त्यात केसभर चूक झाली की गाडी वेगात बारीक सुरात रडायला लागते. म्हणून शहाणी माणसं क्राऊनच्या दातांना रंग लावतात, चाक फिरवतात आणि दात कुठे टेकतात त्याचा ठसा बघतात. ठसा दाताच्या मधोमध आला की जमलं.

आपला माणूस शहाणा नव्हता, कानसेन होता. त्यानं नवी बेअरिंगं ठोकली, जुनीच चकती परत घातली, हातानं पिनियन फिरवला, कान लावला आणि झाकण बंद केलं. रंगबिंग लावायचा तो ज्यांना कान नाहीत त्यांनी.

मग विचित्र गोष्टी घडायला लागल्या. पहिल्या फेरीला बायको शेजारी बसली होती. गाडीनं वेग धरला तशी ती बोलायला लागली. बहिणीच्या पडद्यांचा रंग, दातांच्या डॉक्टरकडची रांग, समोरच्यांनी गच्चीवर बांधलेली दोरी. ही बाई गाडीत कधी बोलणारी नव्हे. चालत्या गाडीत हा नवरा आपला नसतो, इंजिनाचा असतो, हे तिनं लग्नानंतर लवकरच ओळखलं होतं. आणि आता तोंडाचा पट्टा सुटलेला. त्यातही गंमत अशी की त्यानं ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की ती वाक्य अर्धवट टाकून गप्प व्हायची, आणि पाय दाबला की पुन्हा पडदे सुरू. त्यानं मुद्दाम तीन-चारदा करून बघितलं. बायकोला काहीतरी झालंय अशी त्याची खात्री झाली. घरी आल्यावर तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला, तर ती उगाचच रडवेली झाली. हे काय चाललंय, त्याला काही उलगडेना.

दुसऱ्या दिवशी मेहुणा आला. मेहुणा ट्रक चालवतो. बापाची गाडी दाजींना गेली हे दुःख त्यानं अजून गिळलेलं नाही, त्यामुळे गाडीत खोट काढल्याशिवाय तो पाणीही पीत नाही. त्यानं गाडी लांब फिरवून आणली, किल्ली दिली आणि भिंतीकडे बघत म्हणाला, “छान केलीत, दाजी. एकदम गुळगुळीत.”

तिथं कानसेनच्या मनात पाल चुकचुकली. मेहुण्यानं शिवी दिली असती तर तो निवांत झोपला असता. कौतुक म्हणजे घात. काहीतरी लपवतायत, पण काय? गाडीत तर आवाज नाही. मग त्यानं आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते केलं, दुकानातून रंगाची डबी आणली.

ठसा दाताच्या पार वरच्या कडेला आला. असे दात गप्प बसूच शकत नाहीत. त्यानं चष्मा पुसून बघितलं, चष्मा काढूनही बघितलं. रंग जुना असेल म्हणून दुसरी डबी आणली, दात रॉकेलनं धुतले, पुन्हा फासला. ठसा तिथंच. खऱ्या-खोट्यात चार बोटांचं अंतर, डोळ्यापासून कानापर्यंतचं, असं म्हणतात, आणि म्हणतात ते डोळ्याच्या बाजूनं. पण ते इतरांसाठी. ह्या माणसानं सगळी उमर उलटा हिशेब केलेला. तो बादलीवर बसून राहिला. जेवायला हाक आली तर भूक नाही म्हणाला, मग जाऊन नेहमीपेक्षा जास्त जेवला, आणि आपण काय जेवलो हे त्याला सांगता आलं नसतं.

शेवटी त्यानं ठरवलं की दातांचं ऐकून तरी बघू. पिनियन पुन्हा उतरवला आणि त्याच्या पाठीशी कागदासारखी आणखी एक चकती घातली. ठसा जरासा खाली सरकला. आणखी एक घातली. ठसा मधोमध आला, नखाएवढा, स्वच्छ. त्यानं झाकण लावलं, तेल भरलं आणि शनिवारी दुपारी बायकोला म्हणाला, चल, जाऊन येऊ.

ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. गाडी मोठ्या रस्त्याला लागली, त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. तिनं पडद्यांपासून सुरुवात केली आणि मधेच थांबली. मान जराशी मागे वळवली. मग तिचे खांदे खाली आले, आणि हातातलं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तशी ती सीटला टेकून बसली.

“मग? पडद्यांचं काय झालं?” त्यानं विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली.

त्याला आधी जे ऐकू येत होतं तेच आताही येत होतं. काहीच फरक नव्हता. फरक होता तो शेजारच्या बाईत. एका बंद दुकानापुढे त्यानं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवरून काढायचं त्याला सुचलं नाही.

“आधी आवाज होता,” तो म्हणाला.

ती पर्सच्या चेनशी खेळत राहिली. मग म्हणाली, “होता.”

“केवढा?”

“जाऊ द्या ना. आता नाहीये.”

“केवढा होता ते विचारतोय मी.”

“कोपऱ्यावरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन दुकानाबाहेर आला होता, एवढा.”

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. भावाला तिनंच फोन करून सांगून ठेवलं होतं की नावं ठेवू नकोस. किटलीची शिट्टी त्याला ऐकू येईनाशी होऊन वर्ष उलटलं होतं. दाराची बेल वाजली की ती आधी उठायची, म्हणजे त्याला कळू नये. गाडीतले पडदेही त्यासाठीच, पुढे कधी कळलंच तर तिच्या बडबडीत आवाज बुडाला असं त्याला वाटावं. होईल तितके दिवस असेच जाऊ देत, असं तिच्या मनात होतं. एवढं सांगून तिनं खिडकीबाहेर बघितलं.

त्याला राग आला. मेहुण्याचा आला, न्हाव्याचा आला, हिचा तर फारच आला. पण राग धरून ठेवावा इतका वेळ तो टिकला नाही, कारण खालून भीती वर आली. गेल्या वर्षभरात दारात आलेल्या गाड्या त्याला आठवायला लागल्या. ‘काही नाही, बिनधास्त जा’ असं किती जणांना म्हटलं? त्यांतल्या कितींना खरंच काही नव्हतं? चेहरे आठवेनात, फक्त गाड्या आठवत होत्या, आणि सगळ्या शांत.

“कसा होता तो?” त्यानं विचारलं. “करून दाखव.”

“रस्त्यात?”

“कर.”

तिनं आजूबाजूला बघितलं. मग ओठ ताणले आणि दातांतून बारीक शीळ घातली. गाल आत गेले, गळ्याची शीर ताठ झाली. तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. पलीकडे कुणीतरी शटर ओढलं ते त्याला ऐकू आलं. मागून ट्रक गेला तो ऐकू आला. तिचा श्वास संपला, तिनं पुन्हा घेतला आणि पुन्हा सुरू केलं. बंद दुकानाच्या पायरीवर झोपलेल्या कुत्र्यानं कान टवकारून गाडीकडे बघितलं.

“मला ऐकू येत नाहीये,” तो म्हणाला.

हे वाक्य त्यानं याआधी कुणालाच म्हटलेलं नव्हतं. तिनं शीळ थांबवली आणि त्याच्या दंडावर हात ठेवला. मग तिनं विचारलं की उद्या त्या व्हॅनवाल्याला काय सांगणार?

“हेच,” तो म्हणाला. “आणि वर्षभरात येऊन गेले त्यांनाही. एकेकाच्या घरी जावं लागेल.”

“मी येते बरोबर.”

त्यानं मान डोलावली. किल्लीला हात घातला, पण फिरवली नाही.

“अजून एकदा कर,” तो म्हणाला.

तिनं केलं.