गणपत परबाचं गाऱ्हाणं

मी जन्मभर टपाल वाटलं, स्वतः लिहिलं फारसं नाही. त्यामुळे हे नीट उतरेल की नाही, शंकाच आहे. पण गणपत परबाबद्दल गावात काहीबाही सांगतात, म्हणून मी पाहिलं तेवढं लिहून ठेवतो.

गणपत चौथी शिकलेला. भातशेती, थोडे काजू, दोन म्हशी. गावात त्याला मान एकच, गाऱ्हाणं घालायचा. पेरणीआधी सारा गाव देवळात जमतो, देवापुढे नारळ ठेवतात आणि गणपत गावाच्या वतीनं देवाशी बोलतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. एकदा म्हटलं की शब्द देवाला दिला असं आमच्याकडे मानतात.

पाच वर्षांपूर्वी सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर गणपत उभा राहिला. नात सलोनी तिसरीत असून तिला दोन ओळी सरळ वाचता येत नाहीत, शाळेत चाललंय काय, एवढंच त्यानं विचारलं. सरपंच चंदन सावंत खुर्चीवर बसले होते. त्यांचा काजूचा कारखाना शाळेच्या कुंपणाला लागून. त्यांनी सलोनीला पुढे बोलावलं, हातात पुस्तक दिलं. पोर अडखळली आणि रडायला लागली. चंदन हसले.

"गणपत, तुमच्या घरात कोणाक वाचूक येता? ढोरां राखूक अक्षरां कित्याक व्हयी?"

लोक हसले. मी हसलो नाही, पण गप्प राहिलो, आणि ते मला आजही बोचतं.

दुसऱ्या दिवसापासून गणपत दुपारी शाळेच्या पडवीत येऊन बसू लागला. डोळे गेले, पेपर वाचून दाखवा, असं मुलांना सांगायचा. डोळे ठणठणीत होते. नदीपलीकडची म्हैस कुणाची हे तो इथून सांगे. एकेक पोर येऊन अर्धी बातमी वाचायचं. कुठे चुकलं की गणपत म्हणे, समजलं नाही, पुन्हा वाच. अक्षया मॅडमना आधी याचा राग आला. एकाच शिक्षिकेवर चार वर्ग, त्यात हा म्हातारा. मग त्यांच्या लक्षात आलं की कोण कुठे अडतं ते इथे उघड दिसतं. त्या शेजारी वही घेऊन बसू लागल्या. आज अडलेली अक्षरं उद्या फळ्यावर यायची. वर्षभरात चौथीची मुलं घडाघडा वाचू लागली. सलोनी तर बाजारभावसुद्धा सोडत नसे.

मुलांचा तुला एवढा लळा कधीपासून, असं मी त्याला एकदा विचारलं.

"लळो कसलो? माका चंदनाचा तोंड बंद करूक व्हया."

पण चंदनचं तोंड बंद होईना. त्यांनी स्वतःची नातवंडं, सृष्टी आणि समर्थ, तालुक्याच्या रस्त्यावरच्या इंग्रजी शाळेत घातली. दारात पिवळी व्हॅन येऊ लागली. सरपंचाची नातवंडं गेली म्हटल्यावर आणखी सात घरांतली गेली. गेल्या एप्रिलात पट आठावर आला आणि शाळा शेजारच्या कट्टा गावच्या शाळेत मिळवून टाकायचा प्रस्ताव निघाला. पंचायतीनं हरकत घ्यायची, तर चंदननीच संमतीचा ठराव केला. रिकाम्या इमारतीत काजूबी ठेवायची, हे त्यांच्या कामगारांनाही ठाऊक होतं. गणपत दोनदा तालुक्याला जाऊन आला. साहेबांनी सांगितलं, पट वाढवा, शाळा राहील.

जूनमध्ये गाऱ्हाणं झालं. चंदन मानकरी, पहिल्या रांगेत. त्यांचा आवाज मोठा, 'व्हय म्हाराजा' सर्वांच्या आधी तेच म्हणतात. पावसापाण्याचं झालं, गुराढोरांचं झालं, मुंबईकरांचं झालं. गणपतचा सूर जरासुद्धा बदलला नाही.

"ज्येच्या ज्येच्या घरात शाळेक जाणारा पोर आसा, तो तो आपला पोर गावच्याच शाळेत धाडतलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चंदनचा आवाज सगळ्यांत पुढे.

"आणि जो कोण ह्यो शब्द मोडीत, त्येका तूच बघून घे रे म्हाराजा!"

या वेळी बाकीचे म्हणाले. चंदन नारळाकडे बघत राहिले. त्यांच्या मानेवरून घाम उतरताना मी पाठीमागून पाहिला, आणि मला फार बरं वाटलं.

देवळाबाहेर त्यांनी गणपतला गाठलं. ही फसवणूक आहे, नवं गाऱ्हाणं घालून हे सोडव, म्हणाले. आधी दरडावलं, मग हात धरला.

"शब्द तू दिलंस, देवाक दिलंस," गणपत म्हणाला. "माका कित्याक इचारतंस?"

शाळा उघडली त्या दिवशी चंदनच्या आईनं, आनंदीबाईनं, व्हॅन दारातूनच परत पाठवली. सृष्टी आणि समर्थ चालत शाळेत आली. आठवड्यात बाकीच्या सात घरांतली मुलंही आली. पट एकोणीस झाला आणि प्रस्ताव बारगळला.

सृष्टी पडवीत वाचायला बसली तेव्हा जोडाक्षरांवर अडकू लागली. मला वाटलं, आता गणपत चंदनला बोलावून नातीचं अडखळणं चारचौघांत दाखवील. पण तो तिला रोज पाऊण तास जास्त बसवू लागला. दया आली का रे, म्हटलं.

"दया? चेडू घराक जावन आज्याक पेपर वाचून दाखयत. कोणी शिकयल्यान म्हणान इचारल्यार माझा नाव सांगात. रोज सांगात."

गेल्या आठवड्यात संध्याकाळी मी चंदनच्या घरावरून गेलो. सृष्टी अंगणात मोठ्यानं पेपर वाचत होती. चंदन खुर्चीत बसले होते, तोंड काजूच्या झाडांकडे. हे गणपतला सांगितलं, तर त्यानं माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.