कुशलराव घरी नाहीत

आमच्या घरच्या फोनचे किस्से मी काही मुद्दाम जमवले नाहीत, ते आपोआप साचत गेले. पांढरकवड्याचे जुने शेजारी कोणी भेटले की दहा मिनिटांत विषय तिथंच येतो. "वहिनी, ते आठवते का?" असं कोणीतरी म्हणतं आणि चहा निवून जातो!

गोष्ट एकोणीसशे साठच्या आसपासची. मी घरात नवी सून होते. मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, कापसाची अडत होती. बाहेरगावचे भाव लवकर कळावेत म्हणून त्यांनी घरी फोन घेतला. काळा, जड, बाजूला दांडा. दांडा फिरवला की एक्स्चेंजमधून वानखडे नावाचे ऑपरेटर बोलायचे. परगावी बोलायचं तर त्यांच्याकडे ट्रंक कॉल बुक करायचा आणि वाट बघत बसायचं. अर्जंट कॉल लवकर लागायचा, पण महाग. ऑर्डिनरी स्वस्त, पण कधी लागेल ते देव जाणे.

वानखडे दर वेळी विचारायचे, "काकाजी, ऑर्डिनरी की अर्जंट?"

मामाजींचं उत्तर ठरलेलं. "साधा लावा! आपल्या घरी कायलेच घाई नाही."

*

समोर रज्जाकभाईंचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. एकदा त्यांचा सलीम ड्रायव्हर नागपूरहून गिअरबॉक्स आणणार होता. गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं! रज्जाकभाई सकाळी आठलाच आमच्याकडे आले. "सलीम वहाँ से निकला की नहीं, इतनाच पूछना है."

मामाजींनी अर्थातच ऑर्डिनरी बुक केला. नऊ वाजले, बारा वाजले, दोन वाजले. आमच्या ओसरीवर रज्जाकभाईंच्या फेऱ्या चालू. तीन वाजता समोर ट्रक थांबला आणि सलीम उतरला! रज्जाकभाई गिअरबॉक्स घेऊन गॅरेजमध्ये पळाले. सलीम दमला होता, त्याला मी आमच्या ओसरीवर चहा दिला.

तेवढ्यात फोन वाजला. सलीमच जवळ होता, त्यानेच उचलला. पांढरकवड्याचा कॉल म्हटल्यावर पलीकडून नागपूरचा दुकानदार लगेच ओरडला, "सलीम सुबह ही निकल गया भाई!"

"शुक्रिया सेठ, फिकर मिटी!" असं म्हणून सलीमने फोन ठेवला.

गॅरेजमधून रज्जाकभाईंनी हाक दिली, "किसका फोन था? क्या बोले?"

"नागपूर का! बोले, मैं निकल गया हूँ!"

*

जवळच्या तांड्यावरचे थावरू नाईक महिन्यातून एकदा यायचे. त्यांचा मुलगा हैदराबादला मिलिटरीत होता. नाईक आमच्याशी मराठीत बोलायचे, पण मुलाशी त्यांच्या गोर, म्हणजे बंजारा बोलीत. पहिल्याच कॉलला दोन मिनिटं झाली असतील, मध्येच वानखडेंचा आवाज आला. "काकाजी, लाइन फारच खराब आहे. एक शब्द समजून नाही राह्यला! थांबा, पुन्हा लावून देतो. हे मिनिटं धरत नाही मी."

नाईक पुन्हा पूर्ण तीन मिनिटं बोलले आणि हसत हसत तांड्याकडे गेले.

नाईकांना दोन मिनिटं फुकट मिळाली, म्हणून मामाजींना त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. पुढच्या महिन्यात नाईक आले तर त्यांना पाटावर बसवून मामाजी चक्क त्यांची बोली शिकायला लागले. तीन दिवस घरात एकच घोकंपट्टी, "याडी आछी छ? याडी आछी छ?" म्हणजे आई बरी आहे का?

चौथ्या दिवशी हिंगणघाटच्या व्यापाऱ्याला कॉल लागला. मामाजी खणखणीत आवाजात म्हणाले, "याडी आछी छ?"

पलीकडून व्यापारी म्हणाला, "याडी? हे कापसाचं नवीन वाण निघालं का? दोन गाठी पाठवून द्या, पाहून घेतो!"

*

माझी नणंद सुशी नागपूरला दिलेली. जावयांच्या घरी फोन होता. महिन्यातून एक कॉल, तीन मिनिटांचा. आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ती तीन मिनिटं "ऐकू येते का वं सुशी?" यातच घालवायच्या.

मामाजी म्हणाले, "असं नाही चालत. आधी प्रॅक्टिस करा!"

मला सुशी केलं. कानाला लाटणं लावून मी स्वयंपाकघरात बसले, आत्याबाई वाटी कानाला लावून माजघरात.

"सुशी, खोकला गेला का वं तुहा?"

"गेला आई."

"सासू बोलते का बरोबर?"

"कधी कधी."

आत्याबाईंचा आवाज भरून आला. इकडे माझाही. माझं माहेर राळेगावचं, आईला भेटून चार महिने झाले होते आणि तिथं काही फोन नव्हता. मग मी लाटण्यात काय काय बोलले, मलाच आठवत नाही. आत्याबाईंनीही सगळं ऐकून घेतलं, समजूत काढली. भाजी करपली, तरी कोणी उठलं नाही!

मामाजी दारात उभे. पण रागावले नाहीत.

संध्याकाळी खरा कॉल लागला. आत्याबाईंनी फोन घेतला आणि अगदी निवांत आवाजात म्हणाल्या, "हां सुशी, ठीक हाये न? मंग ठेव आता. आपलं सगळं बोलणं झालं सकाळीच!"

*

यावर मामाजींनी कायमचा उपाय काढला. पीपी कॉल! पीपी म्हणजे ठरावीक माणसासाठी लावलेला कॉल. तो माणूस घरी नसला तर बोलण्याचे पैसे पडत नसत, थोडीशी फी तेवढी. मामाजींनी जावयांशी ठरवून टाकलं की घरी सगळं ठीक असलं की आपण 'कुशलराव' नावाच्या माणसाला फोन लावायचा. पलीकडच्याने म्हणायचं, "कुशलराव घरी नाहीत." झाला निरोप!

वर्षभर हे सुरळीत चाललं. एकदा वानखडे बाजारात भेटले. मामाजींना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "काकाजी, राग नका मानू. पण थो कुशलराव वर्षभरात एकदाही घरी सापडला नाही. त्याच्या बायकोले कोणी सांगितलं की नाही?"

*

आणि मग सुशीचं बाळंतपण आलं. डॉक्टरांनी तिला प्रवास करू दिला नाही, म्हणून ती नागपूरलाच. इकडे आत्याबाई अंगणात घसरून पडल्या आणि पाय प्लास्टरमध्ये. त्यांना जाता येईना. खाटेवर पडून सारखं फोनकडे बघायच्या.

मामाजींनी जावयांना नावं कळवून ठेवली होती. मुलगा झाला तर 'गोविंदराव', मुलगी झाली तर 'गोदावरीबाई'.

एके दिवशी दुपारी फोन वाजला. वानखडे म्हणाले, "नागपूरहून पीपी कॉल. गोविंदराव आहेत का?"

"नाहीत, नाहीत!" मामाजींनी फोन ठेवून टाळीच वाजवली. "नातू झाला!"

खाटेवरून आत्याबाईंनी विचारलं, "आणि सुशी कशी हाये?"

मामाजींनी कपाळाला हात लावला. "त्याचं नाव तर ठरवलंच नाही आपण..."

इकडून कॉल बुक करावा म्हणून मामाजींनी दांड्याला हात घातला, तोच पुन्हा घंटी.

"काकाजी, पुन्हा नागपूर. गोदावरीबाई आहेत का?"

"अहो, आत्ता तर गोविंदराव होते न?"

"मले काय माहीत काकाजी? नाव गोदावरीबाईच सांगितलं!"

"असं कसं? जावयाले मुलगा-मुलगी समजून नाही राह्यलं का?"

एवढ्यात आत्याबाई प्लास्टरचा पाय उचलून, एका पायावर लंगडत फोनपाशी आल्या. मी धरायला धावले, पण त्यांनी मामाजींच्या हातातला फोन केव्हाच हिसकावला होता.

"आहे! मीच गोदावरी! द्या जोडून!"

पलीकडे जावई पार गोंधळले. त्यांचा आवाज मलाही ऐकू आला. "अहो आई, तुम्ही 'नाहीत' म्हणायचं होतं!"

"नाहीत काय नाहीत! माही पोरगी कशी हाये, थे सांगा पहिले!"

"छान आहे आई! सुशी अगदी छान आहे! जुळं झालं, एक मुलगा, एक मुलगी!"

आत्याबाई मटकन माझ्या अंगावर टेकल्या. हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं. फोन तसाच हातात. तिकडे मिनिटं चालली होती.

वानखडेंचा आवाज आला. "तीन मिनिट झाले. वाढवू का?"

मामाजींनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, फोन हातात घेतला आणि गरजले, "वाढवा वानखडे, पाहिजे तितका वाढवा! कॉल जावयाचा हाये!"