आजी घरी असते

वर्ध्याच्या कौटुंबिक न्यायालयाचा निकाल लागला, त्या दिवशी माझा मुलगा पेढे घेऊन घरी आला. घटस्फोट आधीच झालेला. भांडण उरलं होतं ते दुसरीतल्या माझ्या नातीच्या ताब्याचं. "आई, तुह्यामुळं जिंकलो!" तो म्हणाला. निकालात लिहिलं होतं, आई एसटीत कंडक्टर, पहाटेच घराबाहेर पडते. बापाकडं मात्र आजी घरी असते. म्हणून पोरगी बापाकडं.

बाप तरी कुठं घरी असतो? कामापायी त्याचा मुक्काम नागपुरातच जास्त. म्हणजे वाढवायची मी आणि जिंकला तो. वा रे वा! मी पेढा तोंडाला लावला नाही.

नात माझ्याकडं आली. आईनं तिला फक्त दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी भेटायचं, असा आदेश होता. सुनेनं नागपूरला हायकोर्टात अपील टाकलं. सून म्हणते मी अजूनही. घटस्फोट मुलानं घेतला, मी नाही घेतला. आमचं गाव आर्वी रस्त्यावर, आणि तिची गाडी रोज सकाळी आमच्या फाट्यावर थांबायची.

एका सकाळी मी नातीला घेऊन फाट्यावर गेले. म्हटलं, मिनिटभर मायलेकी भेटतील, त्यात कोणाचं काय जातं? गाडी आली, दार उघडलं, पोरगी "आई!" करत धावली. सून दोन पावलं मागं सरकली.

"आई, आज रविवार नाई," ती मला म्हणाली. "मी आदेश मोडला तर अपिलात तेच दाखवतीन. न्या तिले."

तिनं दोरी ओढली, दोनदा घंटी वाजली. गाडी निघाली तेव्हा खिडकीतून दिसलं, तिकिटाचं मशीन छातीशी धरून ती रडत होती. इकडं नात रस्त्याच्या कडेला बसून हंबरडा फोडत होती. माझं डोकंच फिरलं. अरे, पोटच्या पोरीपुढंही जी बाई कोर्टाच्या शब्दाला जागते, तिला लेकरू सांभाळता येत नाही म्हणता? डोळे फुटले काय तुमचे!

सुनेच्या वकिलाला मी आपण होऊन फोन केला आणि प्रतिज्ञापत्र दिलं. मुलगा ओरडला, "तू माह्या इरोधात चालली?" मी म्हटलं, "तुह्या नाई, निकालाच्या."

नागपूरला न्यायाधीशांनी आधी नातीला आत बोलावलं, मग मला. "आजी, अपील सुनेचं. तुम्ही कशा आलात?"

"साहेब, माह्या नावावर लेकरू नेलं, पन मले कोनी इचारलं का? आजी घरी असते, खरं हाये. पन सुनेची मायही आता तिच्याजवळ येऊन राह्यली. आजी तिकडंही घरीच असते. आन माय फक्त तिकडंच हाये."

साहेब हसले नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पाणी मागवलं.

अपील मंजूर झालं. नात आर्वीला आईकडं गेली. बापाला रविवार मिळाले, पण तो तिला नागपुरातच ठेवी. माझ्याशी त्यानं बोलणं टाकलं. निकालात माझं नाव कुठंच नव्हतं. मान ताठ होती माझी, पण घर खायला उठायचं. दोन ताटं वाढायची सवय हाताची जाता जात नव्हती.

मग शाळेला सुट्टी लागली. वर्ध्याला दवाखान्यात जायचं म्हणून मी फाट्यावर उभी होते. गाडी थांबली आणि आधी उतरली ती पाठीवर दप्तर लटकवलेली नात. मागं गाडीच्या दारात खाकी साडीतली सून.

"आई, संध्याकाळच्या फेरीले नेतो हिले. दवाखाना उद्या करा."

मला रडूच कोसळलं. "अवं, आज रविवार नाई!"

"आदेश बापासाठी हाये, आई," ती म्हणाली. "तुमच्यासाठी कायचा आदेश?"

आणि तिनं दोरी ओढली.