कचरा उचलल्याचा मेसेज

वसमतला मोंढ्यामागच्या आमच्या गल्लीत दारोदारी क्यूआर कोडच्या पाट्या लागल्या, तेव्हा आई वैतागली होती. घंटागाडीवरची बाई आधी पाटीसमोर मोबाईल धरणार, मग कचरा घेणार. कचरा उचलला की घरच्यांना मेसेज जाणार. आईकडे साधा फोन, म्हणून नोंदणीला माझा नंबर दिला; मी पुण्यात नोकरीला.

"कचरा माझा अन् निरोप तुला काहून?"

"तू झाडून राहिली का न्हाई, ते कळायला."

थट्टाच होती. पण आई एकटी राहायची, आणि फोनवर 'बरं हाय' यापलीकडे काही सांगायची नाही. ऑफिसला निघताना 'आपल्या घरचा कचरा उचलला आहे' असं वाचलं की माझा जीव भांड्यात पडायचा. म्हणजे आई उठली, घर झाडलं, बादली घेऊन दारापर्यंत आली.

मी वसमतहून परत निघाले की दुसऱ्या सकाळी मात्र मेसेज यायचा नाही. घरचं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत आई केरसुणीला हात लावत नसे. माणूस निघाल्यावर लगेच झाडतात ते मयताच्या घरी, म्हणायची. मी खूप चिडवायचे.

"गप बस. तू पोचल्याबिगर न्हाई झाडत मी."

दिवाळी करून पुण्याला पोचले त्या सकाळीही मेसेज नव्हता. फोन केला, उचलला नाही. माझी पोचायची वेळ झाली म्हणून आता झाडायला लागली असेल, असं म्हणून मी हसले आणि कामाला गेले.

दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला. आई पहाटेच न्हाणीत पडली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. एरवी मेसेज चुकला असता तर मी सकाळीच काकूंना पळवलं असतं. नेमकी त्याच दिवशी मी निश्चिंत होते. त्या रिवाजाचा मला अजून संताप येतो, आणि आईचाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला नेलं. आम्ही बायका मागे राहिलो. काकूंनी लगेच केरसुणी उचलली.

"थांबा ना! आत्ताच काहून झाडता?" मी ओरडले.

"झाडावं लागतं, बाई," काकू रडत म्हणाल्या आणि झाडत राहिल्या. तेवढ्यात गल्लीत घंटागाडी आली. त्यांनी बादली बाहेर नेऊन दिली.

माझ्या हातातला फोन वाजला. 'आपल्या घरचा कचरा उचलला आहे.' वाचलं, आणि सवयीनं क्षणभर वाटलं, आई उठली.